शुगर 'बॉर्डर'वर आली म्हणून आजोबांचं ताट रिकामं करू नका

गावात आरोग्य शिबिर लागतं. सत्तरीतले आजोबा उपाशीपोटी रांगेत बसतात, तपासणी होते आणि ११२ किंवा ११८ असा आकडा लिहिलेला कागद घेऊन घरी येतात. "शुगर बॉर्डरवर आहे" एवढंच कुणीतरी सांगितलेलं असतं. त्या दिवसापासून घरात बंदी सुरू. साखर बंद, भात बंद, शेंगदाणे बंद, दूध बंद, रात्रीची भाकरी अर्धी. वरून व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला कारल्याचा रस. चार-सहा महिन्यांत शुगर थोडी उतरते, पण सदराही खांद्यावरून ओघळायला लागतो. बाजेवरून उठताना हाताचा आधार लागतो. अशात न्हाणीघरात पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं, तर म्हातारा माणूस अंथरुणाला खिळतो. ११२ च्या शुगरने एवढं नुकसान केलं नसतं.

आधी आकडा समजून घेऊ. उपाशीपोटी शुगर १०० ते १२५ किंवा तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी तपासणी ५.७ ते ६.४ असेल, तर त्याला प्रीडायबेटिस म्हणतात. डायबेटिस अजून झालेला नाही, पण वाट तिकडची आहे. बोटातून रक्त काढून मशीनवर केलेली तपासणी फक्त अंदाज देते. पक्कं निदान शिरेतून रक्त घेऊन लॅबमध्येच होतं. अंगात रक्त कमी असेल किंवा सिकलसेल असेल, तर एचबीए१सीचा आकडाही फसवतो. तसं असल्यास डॉक्टरांना आधी सांगावं.

सीमेवर असलेला प्रत्येक जण पुढे जातोच असं नाही. अमेरिकेत सरासरी ७५ वर्षं वयाच्या लोकांवर साडेसहा वर्षं लक्ष ठेवून केलेला अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. उपाशीपोटीच्या आकड्यावरून सीमेवर धरलेल्यांपैकी ८ टक्क्यांनाच डायबेटिस झाला आणि ४४ टक्क्यांची शुगर पुन्हा नॉर्मलला आली. भारतीय माणूस सीमेवरून डायबेटिसकडे जास्त वेगाने सरकतो, म्हणून दुर्लक्ष करून चालणार नाही. पण घाबरून जेवण तोडायचीही गरज नाही.

खरी गोष्ट स्नायूंची आहे. जेवल्यावर रक्तात आलेली साखर मोठ्या प्रमाणात मांसपेशींमध्ये साठवली जाते. ही शरीराची कणगी समजा. कणगी मोठी असेल तर धान्य आत जातं, लहान झाली की अंगणातच पडून राहतं. वय वाढलं की स्नायू आपोआप झिजतात. त्यात जेवण तोडलं तर चरबीबरोबर उरलेले स्नायूही जातात. म्हणजे शुगर सांभाळायच्या नादात तिला जागा देणारी कणगीच फोडल्यासारखं होतं.

"आमचे वडील तर काटकुळे, त्यांना शुगर कशी?" हा प्रश्न गावात नेहमीचा. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी याचं उत्तर स्वतःच्या शरीरावरून दाखवलं. २००४ मध्ये त्यांनी आणि इंग्लंडच्या डॉ. युडकिन यांनी दोघांची मोजणी छापली. उंचीच्या मानाने वजन दोघांचं सारखंच, बीएमआय २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या अंगात २१.२ टक्के. दिसायला बारीक, आतून चरबी जास्त आणि स्नायू कमी, असा आपल्याकडचा बांधा असू शकतो. अशा माणसाला "वजन कमी करा" हा सल्ला उपयोगाचा नाही.

मग वजन कुणी उतरवायचं? ज्याचं पोट सुटलंय त्याने. कंबर पुरुषाची ९० सेंटिमीटर आणि बाईची ८० सेंटिमीटरच्या वर असेल, तर हळूहळू थोडं वजन उतरवणं फायद्याचं, तेही व्यायाम आणि पोषण चालू ठेवून. मुळात सडपातळ असलेल्या वयस्कर माणसाने आहे ते वजन टिकवावं.

ताटातून काय काढायचं यापेक्षा काय घालायचं, हे मोठं. वयस्कर माणसाला दर किलो वजनामागे दिवसाला १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं, म्हणजे प्रोटीन लागतं. ५० किलोच्या आजीला ५० ते ६० ग्रॅम. आता हिशेब करा. दिवसभरात ज्वारीच्या तीन भाकऱ्यांतून साधारण २० ग्रॅम मिळतं, पातळ वरणातून ४-५. निम्म्यावरच गाडी अडते. त्यात एक अंडं घातलं की ६, वाटीभर मटकीची किंवा हरभऱ्याची उसळ ६-७, कपभर दूध किंवा दही ५-६, मूठभर शेंगदाणे ७. झाला हिशेब पुरा. दात नसतील तर उसळ मऊ शिजवावी, शेंगदाण्याचा कूट करावा, नाहीतर पिठलं आहेच. मासे, चिकन खाणाऱ्यांचं काम आणखी सोपं. ज्यांना किडनीचा त्रास आहे त्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रोटीन वाढवू नये.

कमी करायचंच असेल तर चहाकडे बघा. दिवसाला पाच कप, कपात दोन चमचे साखर, म्हणजे दहा चमचे, शिवाय बुडवायला बिस्कीट. भाकरीपेक्षा हे आधी सुटलं पाहिजे. उपवासाचा साबुदाणाही जवळजवळ निव्वळ स्टार्च. वाटीभरच घ्यावा, सोबत दही आणि शेंगदाण्याची आमटी घ्यावी.

नुसतं खाऊन मात्र स्नायू बनत नाही. "आयुष्यभर शेतात राबलो, आता कसला व्यायाम?" असं म्हणणारे आजोबा आज दिवसभर पारावर बसलेले असतात. व्यायामासाठी खुर्ची पुरते. हात न टेकता उठायचं, बसायचं, आठ-दहा वेळा. थोडं थांबून पुन्हा. गुडघे दुखत असतील तर खुर्चीवर उशी ठेवून बैठक उंच करावी. भिंतीला धरून टाचा वर-खाली कराव्यात, पाण्याने भरलेल्या लिटरच्या बाटल्या हातात घेऊन उचलाव्यात. आठवड्यातून दोन-तीन दिवस एवढं आणि रोज जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चालणं. छातीत दुखणं, चक्कर किंवा दम लागण्याचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना दाखवावं.

शेजारच्याची शुगरची गोळी "अर्धी घेऊन बघा" हा प्रकार तर अगदीच धोक्याचा. ग्लिमेपिराइडसारख्या गोळीने शुगर एकदम खाली जाऊन माणूस चक्कर येऊन पडू शकतो. प्रीडायबेटिसमध्ये काही जणांना डॉक्टर मेटफॉर्मिन देतात, पण त्याने भूक आणि वजन कमी होऊ शकतं. सडपातळ माणसाने ही गोष्ट डॉक्टरांशी बोलून घ्यावी.

घरच्यांनी लक्ष ठेवायचं ते असं. शिलाईच्या टेपने पोटरीचा सगळ्यात जाड भाग मोजावा. पुरुषाची ३४ आणि बाईची ३३ सेंटिमीटरपेक्षा कमी भरली, तर स्नायू कमी झाल्याची शंका घ्यावी. हात छातीशी बांधून खुर्चीतून पाच वेळा उठबस करायला १२ सेकंद किंवा जास्त लागले, तर तीही धोक्याची खूण. वजन महिन्यातून एकदा, शक्यतो एकाच काट्यावर करावं. गिरणीतला काटाही चालेल. ५० किलोच्या माणसाचं सहा महिन्यांत न ठरवता अडीच किलोहून जास्त वजन घटलं, तर पथ्य चांगलं चाललंय म्हणून खूश होऊ नये. टीबी, थायरॉइड, कॅन्सर किंवा वाढलेली शुगर, काहीही असू शकतं. लगेच तपासणी करून घ्यावी.

तिशीपुढच्या सगळ्यांची बीपी-शुगरची तपासणी आरोग्य उपकेंद्रात मोफत होते. गावातल्या आशाताईंना विचारलं तर दिवस कळतो. प्रीडायबेटिस असलेल्यांनी वर्षातून किमान एकदा शुगर पुन्हा तपासावी, आणि जाताना कागदावर मागचा शुगरचा आकडा, वजन आणि पोटरीचं माप लिहून न्यावं.