स्टार्टरची कॉइल का जळते?

वाशीम जिल्ह्यात हरभऱ्याला पाणी द्यायच्या दिवसांत व्होल्टेज पडलं, की स्टार्टर नुसता गुणगुणतो आणि कॉइल जळते. एसी कॉइलमधला करंट आर्मेचरच्या, म्हणजे कोअरकडे ओढल्या जाणाऱ्या हलत्या भागाच्या, फटीवर ठरतो. ओढ कमी पडून फट मिटली नाही, तर करंट कितीतरी पट जास्त राहतो.

कोअर उघडून बघाच! सिलिकॉन स्टीलच्या पातळ पत्र्या आणि तोंडाशी तांब्याची छोटी कडी. 50 हर्ट्झच्या लाटेत ओढ शून्याकडे जाते, तेव्हा ही कडीच पकड टिकवते. किती देखणी युक्ती!

पत्र्या पातळ असतात, त्या कोअरमधले एडी करंट अडवायला. पण फ्रिक्वेन्सी वाढली, की तेवढ्याच फ्लक्सला एडी करंटची उष्णता तिच्या वर्गाने वाढते. म्हणून तिथे फेराइटचा कोअर. पण बरीच पॉवर फेराइटं 200 ते 250 अंश सेल्सिअसच्या आसपास चुंबकत्व गमावतात. म्हणून भट्टीजवळच्या उष्णतेत मला तरी अतिपातळ पत्र्या आणि 180 अंशांची एच-क्लास तारच पटते.