तळाचा गाळ

गढूळ पाणी निवळावें म्हणून मडक्याला आंतून निवळीची बी घासण्याची, अगर पाण्यांत तुरटी फिरविण्याची चाल आपल्या घरांतून फार जुनी आहे. ह्याच निवळीला संस्कृतांत कतक म्हणतात. गाळ तळाशीं बसला कीं गृहिणी वरचें पाणी अलगद दुसऱ्या भांड्यांत ओतून घेते आणि गाळ फेकून देते. धरणाच्या जलाशयांत ह्यांतली पहिली क्रिया आपोआप घडते. दुसरी सहसा घडत नाहीं. नदी वाहून आणील तें वर्षानुवर्षें तळाशीं सांचत राहतें. तें तेथें स्वस्थ पडून असतें असा आपला समज असतो. हा समज किती फसवा आहे, हें अमेरिकेंतील एका धरणाच्या हकीकतीवरून दिसून येतें.

माँटाना राज्यांत क्लार्क फोर्क व ब्लॅकफूट ह्या नद्यांच्या संगमाजवळ मिलटाउन येथें १९०८ सालीं विजेसाठीं एक धरण पुरें झालें. तें बांधविणारा विल्यम क्लार्क हा तांब्याच्या खाणींचा धनी. नदीच्या वरच्या अंगास ब्यूट व अनाकोंडा येथें खाणी आणि तांबें गाळण्याचे कारखाने होते. त्यांचा टाकाऊ चोथा नदीकांठीं पडे. धरण पुरें झालें त्याच वर्षीं जून महिन्यांत मोठा पूर आला आणि चोथा शंभराहून अधिक मैल वाहत येऊन बांधाआड बसला. पुढेंही भर पडतच राहिली.

१९८१ सालीं जलाशयालगतच्या वस्तीच्या चार विहिरींच्या पाण्यांत सोमल सांपडला. पाण्यांत विरघळलेल्या सोमलाला रंग नाहीं, वास नाहीं, रुचि नाहीं. हजार लिटर पाण्यांत तो १० मिलिग्रॅमहून अधिक नसावा, अशी जागतिक आरोग्य संघटनेची आजची मर्यादा आहे. वर्षानुवर्षें अधिक पोटांत गेल्यास त्वचेचे विकार व कर्करोगही होतो. पाणी उकळून तो जात नाहीं. उलट पाणी आटतें, आणि उरलेल्या पाण्यांत त्याचें प्रमाण वाढतें.

मग तळाशीं बसलेला सोमल विहिरींत गेला कसा? ह्याचें मर्म गंजांत आहे. लोखंडावर चढतो तसला गंज गाळाच्या कणांवरही असतो, आणि सोमल त्याला चिकटून राहतो. पाण्यांत प्राणवायु आहे तोंवर ही मिठी सुटत नाहीं. परंतु गाळांत पालापाचोळाही असतो. तो कुजतांना सूक्ष्म जंतू आसपासचा प्राणवायु संपवितात. तो संपला कीं ते गंजाकडे वळतात. गंजांतील लोह मग विरघळतें, आणि त्याला धरून बसलेला सोमल मोकळा होऊन झिरपत्या पाण्याबरोबर भूगर्भांत उतरतो. इंग्लंडांत एस्थवेट सरोवराच्या गाळांतून लोह व मँगॅनीज असेच सुटतात, हें मॉर्टिमर ह्यांनीं १९४१-४२ सालींच दाखवून दिलें होतें. म्हणूनच जाणते अभियंते जलाशयांतून निरनिराळ्या खोलीवरून पाणी घेण्याची सोय ठेवतात. तळचें पाणी बिघडलें तर वरचें घेतां यावें.

सर्वच धातूंची रीत मात्र एक नाहीं. तांबें व जस्त हे प्राणवायुरहित गाळांत गंधकाशीं बांधले जातात. गाळ ढवळला, त्याला हवा लागली, कीं ते सुटूं लागतात. म्हणजे गाळ निजूं द्यावा तर सोमलाचें भय, जागवावा तर तांब्याचें! मिलटाउनला दोन्ही अनुभव आले. १९९६ सालच्या फेब्रुवारींत बर्फाचे प्रचंड तुकडे नदींतून येऊं लागले. बांध वांचावा म्हणून जलाशयाची पातळी उतरविली, तेव्हां बर्फानें गाळ खरवडला. खालच्या प्रवाहांत तांबें वाढलें व मासे मेले.

वस्तीला नव्या विहिरीचें पाणी मिळालें होतें, पण गाळ जागच्या जागींच होता. शेवटीं धरणच काढावें असें ठरलें, आणि २८ मार्च २००८ रोजीं नदी मोकळी वाहूं लागली. सुमारें ५० लाख घनमीटर गाळापैकीं सर्वांत दूषित असा सुमारें १७ लाख घनमीटर उपसून आगगाडीनें अनाकोंडाजवळ नेण्यांत आला. तेथें कारखान्याचा जुना चोथा आधींच मैलोगणती पसरलेला होता. ज्या गांवाजवळ हा गाळ टाकला त्याचें नांव ऑपॉर्च्युनिटी, म्हणजे सुसंधि!