थंडींतलें ऊन आणि चाकांवरचें घर

ऊन म्हटलें कीं ऊब, ही सांगड उष्ण देशांतील मनांत इतकी घट्ट बसलेली असते कीं, सूर्यप्रकाशापासून वीज करणारे फलक कडक उन्हाळ्यांतच उत्तम काम करीत असतील, असें कोणासही वाटावें. वस्तुस्थिति उलट आहे. फलकाला हवा असतो तो प्रकाश. उष्णता त्याला बाधकच होते. १९५४ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेनें सिलिकनचा पहिला व्यवहार्य सौरघट लोकांपुढें ठेवला. आजचे बहुतेक फलक सिलिकनचेच असून, त्यांचें उष्णतामान एक अंश सेल्सिअसनें वाढलें कीं त्यांची शक्ति सुमारें ०.३ ते ०.५ टक्के घटते, आणि तितकेंच उतरलें कीं तेवढीच वाढते.

मग कॅनडासारख्या हिमाळ देशांत फलकांची चंगळच व्हावयास हवी! तशी ती कां होत नाहीं, हें तेथील फिरत्या घरांवरून चांगलें कळतें. सेवेंतून निवृत्त झालेल्या रुग्णवाहिका विकत घेऊन त्यांत बिऱ्हाड थाटण्याचा प्रघात उत्तर अमेरिकेंत आहे. तेथील पुष्कळशा रुग्णवाहिकांच्या मागें ॲल्युमिनियमची पेटीसारखी भक्कम खोली असते. कपाटें व दिव्यांच्या तारा आयत्याच मिळतात. उणीव असते ती गाडी उभी असतांना लागणाऱ्या विजेची. उणे २५ अंशांच्या रात्रीं डिझेलची शेगडी ऊब देते खरी, पण तिचा पंखा विजेवर चालतो. वीज संपली कीं शेगडी थांबते, आणि निजलेल्यांच्या जिवावर बेतूं शकतें. तेव्हां छपरावरील फलक ही तेथें चैनीची बाब नव्हे.

पहिली अडचण सूर्याचीच. कॅलगरी शहर उत्तर अक्षांश ५१ वर आहे. २१ डिसेंबरच्या सुमारास तेथें भर दुपारीं सूर्य क्षितिजापासून जेमतेम साडेपंधरा अंश वर येतो. त्याच दिवशीं मुंबईंत तो सुमारें साडेसत्तेचाळीस अंशांवर असतो. सूर्याकडे तोंड केलेल्या फलकाच्या मानानें आडव्या फलकाला कॅलगरींत चौथाईहून किंचित् अधिक ऊन मिळतें. शिवाय छपरावरील २० सेंटिमीटर उंचीच्या दिव्याची सावली अशा वेळीं ७२ सेंटिमीटर लांब पडते. घट सांखळीसारखे जोडलेले असल्यामुळें कोपऱ्यावरच्या सावलीनेंही उत्पन्न पुष्कळ घसरतें. म्हणून जुने दिवे काढून भोकें बुजवावीं, आणि गाडी थांबल्यावर फलक तिरपा उभा करतां येईल अशी बिजागरीची सोय ठेवावी. तिरप्या फलकावर बर्फही फारसा ठरत नाहीं.

दुसरा धोका थंडीच्या मैत्रींतूनच उद्भवतो. उष्णतामान उतरतें तसा विजेचा दाब चढतो. समजा, एका फलकाचा मोकळा दाब २२ व्होल्ट लिहिलेला आहे. हा आंकडा २५ अंशांवरचा असतो. असे ३ फलक एकापुढें एक जोडले म्हणजे कागदावर ६६ व्होल्ट होतात, आणि ७५ व्होल्ट सोसणारें नियंत्रक यंत्र पुरेसें वाटतें. परंतु उणे २५ अंशांवर, अंशागणिक ०.३ टक्के धरल्यास, दाब १५ टक्क्यांनीं वाढून जवळजवळ ७६ व्होल्टांवर जातो. गोठलेल्या रात्रीनंतरच्या पहिल्या उन्हांतच यंत्र निकामी होऊं शकतें. यासाठीं हिशेब कडाक्याच्या थंडीचा करावा, अगर फलक समांतर जोडावे.

तिसरी कसोटी चिकटविण्याची. पोलियुरेथेनचें सीलंट हवेंतील ओलाव्यानें घट्ट होतें. गार, कोरड्या हवेंत तें फार रेंगाळतें. पत्र्यावर न दिसणारा दंवाचा पापुद्रा असला, तर सीलंट पत्र्याला नव्हे, दंवालाच चिकटतें, आणि दंव वितळलें कीं पकड सुटते. हें काम तापविलेल्या शेडमध्यें करणें बरें. नळ्या आधीं उबेंत ठेवाव्या, पत्रा पुसून कोरडा करावा, आणि केवळ चिकटीवर न विसंबतां बोल्टही घालावे. उणे २५ पासून ३५ अंशांपर्यंत ३ मीटर लांबीचा ॲल्युमिनियमचा पत्रा सुमारें ४ मिलिमीटर वाढतो. ठिसूळ लांबी या ताणानें तडकते, लवचीक सीलंट टिकतें.

अखेरची गोष्ट बॅटरीची. लिथियमची बॅटरी शून्य अंशाखालीं भरूं गेल्यास आंत धातूचा थर सांचतो, तिची क्षमता कायमची घटते व धोकाही उत्पन्न होतो. जुन्या शिशाच्या बॅटरीला थंडींत भरतां येतें, परंतु ती रिकामी राहिली तर गोठून फुटूं शकते. तेव्हां बॅटरीची जागा निजण्याच्या खोलींतच, उबेंत असावी.

थंडी फलकाची मैत्रीण खरी. पण तार, सीलंट, यंत्र व बॅटरी यांच्याशीं तिचें तितकेंसें सख्य नाहीं. हें ओळखून ज्यांनीं शरद् ऋतूंतच छपराचें काम उरकलें, त्यांना माघाच्या रात्रीं शेगडीचा पंखा ऐकत निवांत झोंप लागते. एके काळीं इतरांचे प्राण वांचविण्यासाठीं धांवलेल्या गाडीनें आपल्या धन्यालाही तेवढी हमी द्यावी, हें योग्यच होय.