नक्षीची किंमत

पश्चिम आफ्रिकेतला बॉल पायथन मुळात काळा-तपकिरी. अमेरिकेत १९९२ साली पाळीव जोडीपासून त्याची पिवळी-पांढरी पिल्ले निपजली. हा रंग अप्रभावी. आई-बाप दोघांकडून जनुक आले तरच दिसतो. दोघे नुसते वाहक असतील, तर सरासरी चारांत एक पिल्लू पांढरे. उरलेल्या तिघांत दोन वाहक, पण दिसायला तिन्ही सारखीच.

‘स्पायडर’ची जाळीदार नक्षी मात्र प्रभावी, एकाच पालकाचे जनुक पुरते. पण त्याच जनुकाबरोबर आतला कान बिघडतो, डोके डगमगते. एक घ्यावे, दुसरे टाळावे, असे पैदासकाराला आजवर साधलेले नाही. मला विचाराल, तर अशी जोडी लावूच नये. नक्षी आपण पाहतो. तोल सापाचा जातो.