एकर आणि चौरस फूट : केळझर परिसरातील जमिनीचा भाव आणि तिचा टिकाऊपणा

वर्धा जिल्ह्याच्या सेलू तालुक्यातील केळझर हे नागपूर-वर्धा मार्गावरचे जुने गाव. टेकडीवरचा सिद्धिविनायक, किल्ल्याचे अवशेष आणि बकासुराच्या एकचक्रनगरीशी जोडलेली लोकपरंपरा यांमुळे ते विदर्भाला परिचित आहे. अलीकडे या पट्ट्याला आणखी एक ओळख मिळाली : ‘पैसे गुंतवायला बरा भाग’. कारणेही तशीच आहेत. जवळून समृद्धी महामार्ग गेला, सिंदीला ड्रायपोर्ट ठरले आणि पवनारपासून शक्तिपीठ महामार्गाची आखणी झाली. त्यामुळे पूर्वी एकरात बोलली जाणारी जमीन आता चौरस फुटात बोलली जाते. माप बदलले की जोखीमही बदलते, आणि ती कोणाच्या पदरात पडते हेही बदलते. या लेखात त्याचाच विचार करायचा आहे.

जमिनीच्या तेजीचा अनुभव या जिल्ह्याला नवा नाही. 1862 साली नागपूरपासून वेगळा काढून वर्धा जिल्हा झाला, तेव्हा अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते. तिकडचा कापूस थांबला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांची नजर हिंगणघाटच्या कापसावर पडली. त्याच दशकात इंग्रजी बंदोबस्ताने मालगुजारांना जमिनीची मालकी दिली. कालपर्यंत वहिवाटीची असलेली जमीन विकता येण्याजोगी आणि, मुख्य म्हणजे, गहाण ठेवता येण्याजोगी झाली. कापसाचा भाव चढला तशी जमिनीची पत चढली आणि पतीबरोबर कर्जही चढले. 1865 मध्ये युद्ध संपले, कापूस उतरला. कर्ज मात्र उतरले नाही. पुढे 1896-97 आणि 1899-1900 या दुष्काळांनी मध्य प्रांताचे कंबरडे मोडले. भाव पडला तरी ज्याच्यावर देणे नव्हते तो कशीबशी ज्वारी पिकवून थांबू शकला. देणेकऱ्याला थांबता आले नाही. जमीन दोघांचीही तीच, काळी कसदार. फरक होता तो थांबण्याच्या ताकदीत.

दुसरा धडा रेल्वेचा. 1867 मध्ये मुंबईकडून येणारा लोहमार्ग नागपूरला पोचला. तो केळझरवरून न जाता सिंदीवरून गेला, आणि सिंदीच्या नावाला ‘रेल्वे’ हा शब्द कायमचा चिकटला. वाहतुकीचा मार्ग आला म्हणून सगळ्या मुलखाला सारखा लाभ होत नाही. तो थांबतो कुठे, यावर लाभ ठरतो.

समृद्धी महामार्गाकडे याच नजरेने पाहायला हवे. 701 किलोमीटरच्या या मार्गाचा नागपूर-शिर्डी हा 520 किलोमीटरचा पहिला टप्पा 11 डिसेंबर 2022 रोजी खुला झाला आणि शेवटचा इगतपुरी-आमणे टप्पा 5 जून 2025 रोजी. पण हा प्रवेश-नियंत्रित मार्ग आहे. दोन्ही बाजूंना कुंपण, आणि चढ-उतार फक्त ठरलेल्या आंतरबदलांवर. जुन्या नागपूर-वर्धा रस्त्यालगतच्या जमिनीवर चहाची टपरी, ढाबा, पंक्चरचे दुकान उभे राहू शकते, कारण तिथे गाडी थांबते. समृद्धीला लागून असलेल्या वावरातून ताशी 120 किलोमीटरने जाणारी गाडी दिसते. तिच्यापर्यंत पोचायचे तर आंतरबदलापर्यंत वळसा घालावा लागतो. म्हणून ‘समृद्धी टच’ या दोन शब्दांना स्वतःची अशी किंमत नाही. आंतरबदलाजवळ नवनगरे वसवण्याची सरकारी कल्पना आहे. परंतु नकाशावरचे नगर आणि वसलेले नगर यांत किती वर्षांचे अंतर असते, हे नागपूरकरांनी मिहानच्या बाबतीत पाहिले आहे. त्या घोषणेनंतर वर्धा मार्गावर भराभर लेआऊट पडले. उद्योग मात्र स्वतःच्या गतीने आले.

आता माप बदलल्याने काय होते ते उदाहरणापुरत्या आकड्यांनी पाहू. एका एकरात 43,560 चौरस फूट असतात. शेत एकरी 20 लाखांना घेतले, तर चौरस फुटाला सुमारे 46 रुपये पडतात. रस्ते आणि मोकळी जागा सोडून विकण्याजोगे 24,000 चौरस फूट उरले असे धरू. म्हणजे जमिनीचा खर्च फुटाला सुमारे 83 रुपये. त्यात अकृषक परवानगी, मुरूम, नाल्या, विजेचे खांब यांचा खर्च मिळवायचा. एवढे करून प्लॉट 400 रुपये फुटाने विकला गेला, तर मधल्या फरकाचा मोठा भाग ही येणाऱ्या विकासाची आगाऊ वसुली असते. विकास झाला नाही तरी ती वसुली परत मिळत नाही. शेतकऱ्याने एकरात विकले, लेआऊटवाल्याने फुटात विकले आणि भविष्याची जोखीम सर्वात शेवटच्या माणसाकडे गेली. हा शेवटचा माणूस बहुधा निवृत्तीची रक्कम घेऊन आलेला शिक्षक किंवा कारकून असतो.

त्या माणसाचा हिशेब पुढे चालू ठेवू. दहा लाख रुपये सात टक्के चक्रवाढीने ठेवले, तर दहा वर्षांत ते जवळपास दुप्पट होतात. म्हणजे तोच प्लॉट दहा वर्षांनी वीस लाखांना गेला तर त्याने ठेवीइतकेच कमावले. मुद्रांक शुल्क, नोंदणी आणि दलाली वेगळीच. शिवाय 23 जुलै 2024 पासून घेतलेल्या मालमत्तेवर भांडवली नफ्याचा हिशेब करताना महागाई निर्देशांकाची वजावट मिळत नाही. ‘जमीन कधी खाली येत नाही’ असे म्हणतात. ती जागेवर थांबते, आणि दहा वर्षे जागेवर थांबणे हाही तोटाच आहे. रोज छापून येणारा भाव नसल्यामुळे तो डोळ्यांना दिसत नाही, इतकेच.

याहून मोठी जोखीम कागदाची. विदर्भात लागू असलेल्या 1958च्या कूळ कायद्यानुसार शेतकरी नसलेल्याला परवानगीवाचून शेतजमीन घेता येत नाही. तुकडेबंदीचा कायदा 1947चा. 2023च्या अधिसूचनेने जिरायतीसाठी 20 आणि बागायतीसाठी 10 गुंठे हे प्रमाणभूत क्षेत्र ठरवले. म्हणून ‘शेतातले दोन गुंठे’ स्वस्त वाटले तरी सातबाऱ्यावर स्वतंत्र नाव चढणे कठीण असते. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीला घ्यायची तर शासनाची परवानगी लागते. आणि विनोबांचे पवनार इथून हाकेच्या अंतरावर आहे, हेही लक्षात ठेवावे. भूदानात वाटलेली जमीन कसणाऱ्यासाठी दिलेली असते. ती विकण्याचा अधिकार धारकाला नसतो. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग 1 आहे की वर्ग 2, हे एका ओळीचे वाचन कधी कधी आयुष्याची बचत वाचवते. नियोजन क्षेत्रातील 500 चौरस मीटरहून मोठ्या लेआऊटला महारेराची नोंदणी लागते. क्रमांक नसेल तर कारण विचारावे. 2001चा गुंठेवारी कायदा झाला तरी नियमितीकरणाच्या पत्राची, नागपुरी बोलीतल्या ‘आर.एल.’ची, वाट पाहण्यात तिथल्या किती कुटुंबांची वर्षे गेली, हे त्या शहरात कोणीही सांगेल.

एक जोखीम आपण स्वतः विकत घेतो. मुद्रांक वाचवण्यासाठी विक्रीपत्रात किंमत कमी दाखवण्याची सवय जुनी आहे. परंतु 2013च्या भूसंपादन कायद्यात मोबदला ठरवताना आसपासच्या मागील तीन वर्षांच्या नोंदलेल्या व्यवहारांचा आधार घेतला जातो. गावाने वर्षानुवर्षे खोटे आकडे लिहिले, तर रस्ता आला की तेच आकडे गावासमोर खरे म्हणून उभे राहतात. त्यात स्वतः कधीच काही न विकलेला शेजारीही भरडला जातो.

मग टिकाऊपणा कशात आहे? जी जमीन गिऱ्हाईक नसतानाही काही देते, तिच्यात. वावर दरवर्षी कापूस, तूर, सोयाबीन देते. थोडे देते, कधी बुडवतेही, पण भाव पडला म्हणून पिकायचे थांबत नाही. गावातले भाड्याचे दुकान भाडे देते, राहते घर निवारा देते. रिकामा प्लॉट पुढच्या गिऱ्हाइकाखेरीज काहीच देत नाही, म्हणून त्याची सगळी ताकद मालकाच्या थांबण्यात असते. कर्ज काढून घेतलेला, मुलीच्या लग्नाला तीन वर्षांनी विकायचा म्हणून घेतलेला प्लॉट सर्वात कमजोर. गरज नसलेल्या पैशांतून, स्वच्छ कागदावर, रस्ता आणि पाणी पाहून घेतलेला प्लॉट पंधरा वर्षेही तग धरतो.

विकणाऱ्यालाही हेच लागू आहे. महामार्गात जमीन गेलेल्या कुटुंबाच्या हाती एकदम मोठी रक्कम येते. तीतून दुसरीकडे वावर घेतले तर उत्पन्न चालू राहते. ती सगळी प्लॉटमध्ये घातली तर कालचा शेतकरी उद्या पुढच्या गिऱ्हाइकाची वाट पाहणाऱ्यांच्या रांगेत उभा राहतो. केळझरच्या रस्त्यावर जमीन पाहायला जाणाऱ्याने दलालाला भाव विचारण्याआधी स्वतःला विचारावे : दहा वर्षे कोणीच विकत घ्यायला आले नाही, तर ही जमीन मला काय देईल, आणि तोवर मी काय खाईन? दोन्हींचे उत्तर देता आले, तर भावाची घासाघीस जरूर करावी.