तिकीट खरं, पण वेळ गेली: चंद्रपूर-गडचिरोलीकरांसाठी रेल्वे तिकिटाचे नियम

आजचा भाग ज्यांना ऐकायला वेळ नाही, त्यांच्यासाठी हा लिखित अवतार. एसटीत बसून वाचला तरी चालेल.

आधी एक प्रसंग डोळ्यासमोर आणा. गडचिरोलीहून एक पोरगी नागपूरला परीक्षेला निघाली आहे. गर्दी नको म्हणून तिने सकाळी ६ वाजता बसस्टँडवरच मोबाईलमध्ये चंद्रपूर ते नागपूर जनरल तिकीट काढलं. एसटी उशिरा सुटली, मध्ये मूलजवळ थांबली. चंद्रपूर स्टेशनवर पोहोचली तेव्हा पहिली गाडी निघून गेलेली. दुसरी मिळाली साडेनऊला. पुढे टीसी आला, तिकीट बघितलं आणि म्हणाला, "हे चालणार नाही." पैसे भरलेले, तिकीट खरं, तारीख आजचीच. मग चुकलं कुठे?

पहिली गोष्ट : १९९ चा आकडा

१ मार्च २०१६ पासून १९९ किलोमीटरपर्यंतच्या जनरल तिकिटावर प्रवास सुरू करायला वेळेची मर्यादा आहे. तिकीट काढल्यापासून ३ तास, किंवा त्या मार्गावरची पहिली गाडी सुटेपर्यंत, यातलं जे नंतर येईल ते. म्हणजे पुढची गाडीच ५ तासांनी असेल तर घाबरू नका, तिकीट त्या गाडीपर्यंत चालतं. पण ३ तास उलटले आणि मधली गाडीही सुटली, तर तुम्ही विनातिकीट. आपल्या पोरीचं हेच झालं.

आता गंमत बघा. चंद्रपूर ते नागपूर हे अंतर २०० च्या जरासं आत आहे आणि बल्लारशाह ते नागपूर २०० च्या जरासं वर! दोन्ही स्टेशनांत फरक जेमतेम १४ किलोमीटरचा, पण नियम बदलतो. २०० किंवा जास्त किलोमीटरचं जनरल तिकीट खिडकीवर ३ दिवस आधीसुद्धा मिळतं आणि त्याला ही ३ तासांची अट नाही. त्यावर छापलेल्या तारखेला प्रवास सुरू करायचा. तिकिटावर किलोमीटर छापलेले असतात. एकदा बघायची सवय लावा.

मोबाईलवरच्या पेपरलेस तिकिटाचं आणखी एक. ते रुळाजवळ, गाडीत बसल्यावर निघत नाही. स्टेशनवर असाल तर तिथे लावलेला क्यूआर कोड स्कॅन करावा लागतो. आणि पेपरलेस तिकीट रद्द होत नाही. म्हणून लांबून एसटीने येणाऱ्यांनी साधा हिशेब ठेवा : आधी बस, मग तिकीट. बस चंद्रपुरात शिरली की काढा.

दुसरी गोष्ट : कोणती गाडी, कोणतं स्टेशन

जनरल तिकिटातही प्रकार आहेत : साधी पॅसेंजर, मेल-एक्सप्रेस आणि सुपरफास्ट. पॅसेंजरचं तिकीट घेऊन एक्सप्रेसमध्ये चढलात किंवा एक्सप्रेसचं घेऊन सुपरफास्टमध्ये, तर फरक आणि दंड भरावा लागतो. दंड कमीत कमी २५० रुपये, भाडं वेगळं. जनरल तिकिटावर स्लीपरमध्ये "फक्त वर्ध्यापर्यंत बसतो" हेही चालत नाही.

आपल्याकडे एक स्थानिक घोळ असतो. चंद्रपूर आणि चांदाफोर्ट ही एकाच शहरातली दोन वेगळी स्टेशनं. चंद्रपूर आहे नागपूर-बल्लारशाह मुख्य मार्गावर. चांदाफोर्ट आहे गोंदिया-नागभीड-बल्लारशाह मार्गावर. मूल, सिंदेवाही, वडसा तिकडे. गडचिरोली जिल्ह्यातल्या लोकांना वडसा जवळचं, आणि गडचिरोली शहरापर्यंतच्या नव्या मार्गाचं काम सुरू आहे. बल्लारशाहहून गोंदियाला नागभीडमार्गे जाता येतं आणि नागपूरमार्गेही, पण दुसरा रस्ता बराच लांबचा. तिकिटावर 'मार्गे' काय लिहिलंय ते वाचा. एका मार्गाचं तिकीट दुसऱ्या मार्गावर आपोआप चालत नाही.

तिसरी गोष्ट : ब्रेक जर्नी

हा सगळ्यात जास्त गैरसमजाचा विषय. "तिकीट मुंबईपर्यंतचं आहे, मध्ये सेवाग्रामला मावशीकडे दोन दिवस राहतो, मग पुढे जातो." नाही भाऊ, असं जमत नाही.

नियम असा : तिकीट ५०० किलोमीटरपेक्षा जास्त अंतराचं असेल तर एकदा मध्ये उतरून थांबता येतं. १००० च्या वर असेल तर दोनदा. पण पहिला थांबा सुरुवातीच्या स्टेशनपासून ५०० किलोमीटर झाल्यावरच. आणि एका ठिकाणी जास्तीत जास्त २ दिवस, त्यात पोहोचण्याचा आणि निघण्याचा दिवस धरायचा नाही.

आता चंद्रपूर-मुंबई तिकिटावर लावून बघा. सेवाग्राम, अकोला, भुसावळ, जळगाव सगळी ५०० च्या आत. तिथे थांबता येणार नाही. मनमाड किंवा नाशिकरोडला येईल. दिल्लीचं तिकीट असेल तर भोपाळला उतरता येईल. हैदराबादचं अंतरच ५०० पेक्षा कमी, म्हणून तिथे प्रश्नच नाही. वाटेत उतरलात की स्टेशन मास्तर किंवा टीसीकडून तिकिटावर सही-तारीख घ्या. आरक्षित प्रवास असेल तर खिडकीवर तिकीट काढतानाच सांगा, कारण पुढच्या गाडीतली जागा वेगळी बुक व्हावी लागते. राजधानी, शताब्दी, जनशताब्दीमध्ये ही सोय नाही.

आणि गाडी बदलणं म्हणजे ब्रेक जर्नी नव्हे. जोडगाडी पकडण्यासाठी सेवाग्रामला उतरलात आणि २४ तासांच्या आत पुढे निघालात, तर तो थांबा धरत नाहीत.

चौथी गोष्ट : आरक्षण असलं तरी

ऑनलाइन तिकीट चार्ट बनल्यावरही पूर्ण वेटिंग राहिलं तर आपोआप रद्द होतं, पैसे परत येतात. ते घेऊन गाडीत चढू नका. आरएसी असेल तर खुशाल चढा, बसायला जागा मिळते.

तिकीट बल्लारशाहचं आणि चढणार चंद्रपूरला, असं असेल तर चार्ट बनण्याआधी बोर्डिंग स्टेशन बदलून घ्या. नाहीतर तुम्ही आलाच नाहीत असं समजून बर्थ दुसऱ्याला जाऊ शकतो. एकदा बदललं की मग आधीच्या स्टेशनवरून चढण्याचा हक्क राहत नाही.

गाडी ३ तासांपेक्षा जास्त उशिरा असेल आणि तुम्ही जाणारच नसाल, तर पूर्ण पैसे मिळतात. ऑनलाइन तिकिटासाठी गाडी प्रत्यक्ष सुटण्याआधी टीडीआर भरायचा. नंतर भांडून उपयोग नाही.

त्या पोरीकडे परत येऊ. ती चंद्रपूर स्टेशनवर उतरून दोन मिनिटांत नवीन तिकीट काढती, तर दंड वाचला असता. परीक्षेच्या दिवशी खिशात मोजकेच पैसे असतात, तेव्हा २५० रुपये म्हणजे परतीचं भाडं आणि जेवण. म्हणून गाडीत पाय ठेवण्याआधी तीन गोष्टी बघा : वेळ, किलोमीटर आणि मार्ग.

हा भाग घरातल्या त्या एका माणसाला नक्की पाठवा, जो म्हणतो "चालतं रे, कोण बघतं!" पुढच्या भागात भेटूच. तोवर, सांभाळून प्रवास करा.