मंगळाला झाकणारी धूळ

१४ नोव्हेंबर १९७१ रोजी अमेरिकेचे ‘मरिनर-९’ हे यान मंगळाभोवती फिरू लागले. परग्रहाची प्रदक्षिणा करणारे ते पहिलेच यान होय. परंतु सप्टेंबरमध्ये उठलेल्या धुळीच्या वादळाने सारा ग्रह वेढला होता. दक्षिण ध्रुवाजवळील हिमाच्छादन आणि प्रचंड ज्वालामुखींची चार शिखरे एवढीच काय ती यानाच्या कॅमेऱ्यांना दिसली.

मंगळावरील हवेचा दाब पृथ्वीवरील दाबाच्या शंभराव्या हिश्शाहूनही कमी आहे. इतक्या विरळ हवेत एवढी धूळ उठते, याचे कारण सूर्याची उष्णता हे होय. मंगळाची कक्षा लंबवर्तुळाकार आहे. तो सूर्याच्या सर्वांत जवळ असताना, सर्वांत दूर असतानाच्या मानाने, त्याला ४० टक्क्यांहून अधिक ऊन मिळते. हा काळ दक्षिण गोलार्धातील वसंत व उन्हाळ्याचा असतो. तापलेली जमीन आणि ध्रुवाकडील बर्फ यांच्या तापमानातील तफावतीमुळे वारे जोर धरतात. वाऱ्याने उडालेले वाळूचे कण जमिनीवर आपटतात व त्या आघाताने पिठासारखी बारीक धूळ हवेत उसळते.

ही धूळ ऊन शोषून घेते. त्यामुळे भोवतालची हवा तापून वर चढते आणि तिची जागा घेणारे वारे आणखी धूळ उचलतात. अशा रीतीने वादळ स्वतःच स्वतःला पोसते. पृथ्वीवर पाऊस धूळ खाली बसवतो. मंगळावर पाऊसच नाही. तरीही बहुतेक वादळे मर्यादित प्रदेशातच शमतात. क्वचित मात्र अनेक वादळे एकमेकांत मिसळून काही आठवड्यांत संपूर्ण ग्रह व्यापतात. अखेर धुळीच्या दाट आवरणामुळे जमिनीवर ऊन पुरेसे पोहोचत नाही, तापमानातील तफावत घटते, वारे मंदावतात आणि पुढील काही महिन्यांत धूळ खाली बसते.

मे २०१८ च्या अखेरीस असेच वादळ सुरू झाले. २००४ पासून कार्यरत असलेल्या ‘ऑपर्च्युनिटी’ या सौरऊर्जेवरील फिरत्या यानाचा शेवटचा संदेश १० जून रोजी आला व १३ फेब्रुवारी २०१९ रोजी ती मोहीम संपल्याचे जाहीर झाले. अणुऊर्जेवर चालणारे ‘क्युरिऑसिटी’ मात्र त्याच वादळात कार्यरत राहिले. भारताच्या मंगळयानावरील उपकरणाने या काळात मंगळाच्या वातावरणातील उंच थरांची घनता वाढल्याचे नोंदविले.

असे वादळ कोणत्या वर्षी उठेल, हे खात्रीपूर्वक सांगणे अद्याप शास्त्रज्ञांना साधलेले नाही. म्हणूनच मंगळावर मानव उतरविण्याच्या कोणत्याही योजनेत, कित्येक आठवडे ऊन मिळाले नाही तरी पुरेल अशा ऊर्जेची तरतूद आधी करावी लागेल.